सुरू होतानाच अडकलेला संगणक आणि गप्प बसलेला सर्व्हर



आज आपण एका अगदी व्यवहारातल्या बिघाडाबद्दल बोलणार आहोत. युनिक्स किंवा लिनक्सवर चालणारा संगणक सुरू केला, पडद्यावर भराभर ओळी सरकल्या आणि मधेच एका ओळीवर सगळे थांबले. ना पुढे, ना मागे. लॉगिनची ओळसुद्धा येत नाही. पडदा एवढेच सांगतो, की दुसऱ्या संगणकावरची अमुक डिरेक्टरी जोडण्याचे काम चालू आहे. मग कोणीतरी वैतागून बटण दाबून संगणक बंद करतो, पुन्हा सुरू करतो, आणि तो पुन्हा त्याच ओळीवर येऊन बसतो.

आपल्या साकोलीच्या बाजूला हे कधी घडते तेही सांगतो. मे-जूनमध्ये वादळ येते, वीज जाते. तासाभराने वीज येते आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतले वीस-पंचवीस संगणक एकदम सुरू होतात. सर्व्हरही त्याच क्षणी सुरू होतो. पण त्याच्या डिस्क मोठ्या, आणि वीज अचानक गेलेली, म्हणून त्याला आधी त्या तपासून घ्याव्या लागतात. मुलांचे संगणक अर्ध्या-एक मिनिटात तयार होतात आणि सर्व्हरला हाका मारू लागतात. सर्व्हर अजून उठलेलाच नसतो. त्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा असली, की बाहेरगावहून आलेले परीक्षक आणि खोलीभर मुले, सगळे अडकलेल्या पडद्याकडे बघत बसतात. मुलांच्या वर्षभराच्या फायली त्या सर्व्हरवर असतात. म्हणजे हा काही नुसता तांत्रिक खोळंबा नाही.

तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात काय बोलावे, असे तुम्ही विचाराल. आमचे आयुष्य तर्कशास्त्र शिकवण्यात गेले. या बिघाडाच्या मुळाशी जो प्रश्न आहे, तो आमच्या ओळखीचा आहे: आपण हाक मारली आणि उत्तर आले नाही, तर त्यावरून नेमके काय समजायचे? हा प्रश्न नीट सोडवला, तर दुरुस्ती पुष्कळ सोपी होते. नाही सोडवला, तर माणूस चुकीच्या जागी हातोडा मारतो.

जोडणे म्हणजे काय

युनिक्समध्ये सगळ्या फायली एकाच झाडाच्या फांद्यांवर असतात. वेगळी डिस्क असली, तरी तिला वेगळे अक्षर मिळत नाही. ती त्या झाडाच्या एखाद्या फांदीला जोडली जाते. या जोडण्याला माउंट करणे म्हणतात. सुरू होताना काय काय जोडायचे, याची यादी एट्सी डिरेक्टरीतल्या एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये असते. दर ओळीला एक जोडणी.

सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी १९८२ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. या कंपनीच्या अभियंत्यांनी एक सोय काढली, की जोडायची डिस्क याच पेटीत असली पाहिजे असे नाही. ती दुसऱ्या खोलीतल्या संगणकात असेल, तरी नेटवर्कवरून जोडता येईल, आणि वापरणाऱ्याला फरक कळणारही नाही. हीच नेटवर्क फाइल सिस्टिम, थोडक्यात एनएफएस. १९८५ मध्ये त्यांनी तिच्या रचनेवरचा निबंध यूसनिक्सच्या परिषदेत मांडला. मार्च १९८९ मध्ये तिच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम सर्वांसाठी प्रसिद्ध झाले.

त्या रचनेतली एक गोष्ट आपल्याला फार महत्त्वाची आहे. सर्व्हरने ग्राहक-संगणकांची काहीही आठवण ठेवायची नाही, असे त्यांनी ठरवले. प्रत्येक मागणी स्वतःपुरती पूर्ण असायची. त्यामुळे सर्व्हर मधेच पडला आणि पुन्हा उठला, तरी ग्राहकाला वेगळे काही करावे लागत नाही. तीच मागणी पुन्हा पुन्हा करत राहायची. सर्व्हर उठला की उत्तर मिळेल. ग्राहकाच्या दृष्टीने ‘पडून उठलेला सर्व्हर’ आणि ‘हळू चालणारा सर्व्हर’ यांत काहीच भेद उरत नाही. जुन्या मंडळींनी तो प्रसिद्ध संदेश पाहिला असेल: सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे. आणि काही वेळाने: सर्व्हर ठीक आहे.

म्हणजे लक्षात घ्या, हे अडकून बसणे रचनाकारांनी विचारपूर्वक ठेवले आहे. चौथ्या आवृत्तीत सर्व्हर थोडी आठवण ठेवू लागला, पण वाट पाहण्याचा मूळ स्वभाव कायम राहिला.

न दिसणे आणि नसणे

आता आमच्या विषयाकडे येतो. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धी नावाचे एक प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, यावरून घडा तिथे नाही असे आपल्याला कळते. नैयायिक म्हणतात, यासाठी वेगळे प्रमाण नको, प्रत्यक्षानेच भागते. तो वाद मोठा आहे, त्यात आज शिरत नाही. पण एक अट महत्त्वाची मानली गेली आहे: न दिसणे योग्य असले पाहिजे. म्हणजे काय, तर घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड आहे, डोळे ठीक आहेत, मधे भिंत नाही. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर त्यावरून घडा नाही असे म्हणता येत नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात.

नेटवर्कवर आपण कायम अंधाऱ्या खोलीत असतो. सर्व्हरकडून उत्तर आले नाही. तो बंद असेल. चालू असेल, पण कामात बुडालेला असेल. उत्तर निघाले असेल, पण वाटेत हरवले असेल. मुळात आपली हाकच पोहोचली नसेल. चारही बाबतींत आपल्या पदरी एकच अनुभव येतो, तो म्हणजे शांतता.

गंमत अशी, की १९८५ मध्येच फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघांनी याच जातीची एक गोष्ट गणिताने सिद्ध केली. निरोप किती वेळात पोहोचेल याची मर्यादाच नसेल, तर एकजण जरी बंद पडण्याची शक्यता असली, तरी उरलेल्यांचे नक्की एकमत होईल अशी हमी देणारी ठरावीक रीत निघू शकत नाही. कारण थांबलेला कोण आणि उशीर झालेला कोण, हे ओळखता येत नाही. अनुपलब्धीचा विचार करणाऱ्यांना हा निकाल ऐकून फारसे आश्चर्य वाटले नसते, असे आम्हांला वाटते.

तेव्हा पहिली गोष्ट पक्की करू: उत्तर न येणे म्हणजे नकार नव्हे. नकार ही वेगळी चीज आहे. सर्व्हरने ‘तुला परवानगी नाही’ असे सांगितले, तर जोडणी लगेच फसते, कारण कळते, संगणक पुढे जातो. अडकवून ठेवते ती शांतता. फायरवॉलचेच बघा. काही फायरवॉल नको असलेली मागणी स्पष्टपणे परत पाठवतात, काही ती निमूटपणे टाकून देतात. दुसऱ्या प्रकारची फायरवॉल मधे आली, की सर्व्हर धडधाकट असूनही ग्राहकाला तो मेल्यासारखाच भासतो.

वाट पाहण्याचे दोन प्रकार

इथे पुष्कळांची गल्लत होते, म्हणून सावकाश सांगतो. वाट पाहणे दोन ठिकाणी असते.

एक, जोडताना. माउंटची आज्ञा किती वेळ प्रयत्न करणार? लिनक्समध्ये साधी, म्हणजे समोर चालणारी जोडणी २ मिनिटे प्रयत्न करते. ‘बीजी’ हा पर्याय दिला, तर पहिला प्रयत्न फसल्यावर ती पार्श्वभूमीत जाते आणि १०००० मिनिटे, म्हणजे जवळजवळ आठवडाभर प्रयत्न करते. जुन्या पद्धतीच्या सुरुवातीत ओळी एकामागून एक घेतल्या जातात. दहा ओळी असतील, तर वीस मिनिटे गेली. आजच्या बहुतेक लिनक्समध्ये सुरुवातीचा कारभार सिस्टमडी पाहते. ती साधारणपणे ९० सेकंद थांबते आणि सोडून देते. पण लोकांना लॉगिन करू देणारी पायरी तिने दूरच्या जोडण्यांच्या मागे ठेवली आहे. म्हणून तेवढा वेळ दार उघडत नाही.

दोन, जोडून झाल्यावर. जोडलेल्या डिरेक्टरीतली फाइल मागितली आणि सर्व्हर गप्प झाला, तर काय? ‘हार्ड’ असेल तर अंतापर्यंत थांबायचे. ‘सॉफ्ट’ असेल तर काही प्रयत्नांनंतर प्रोग्रामला चूक कळवायची आणि मोकळे व्हायचे. काही न सांगितल्यास ‘हार्ड’ धरले जाते.

अडकलेला संगणक पाहून पुष्कळ लोक घाईघाईने ‘सॉफ्ट’ लिहून टाकतात. सॉफ्ट म्हणजे शांततेला नकार समजणे. एखादा प्रोग्राम फाइल लिहीत असताना सर्व्हर एक-दोन मिनिटे गप्प झाला, की त्याला सांगितले जाते, लिहिणे फसले. प्रोग्राम चांगला असेल, तर तो थांबेल. पण कितीतरी प्रोग्राम ही सूचना वाचतच नाहीत. ते पुढे जातात आणि फाइल अर्धवट राहते. मुलाला वाटते प्रकल्प जतन झाला. पंधरा दिवसांनी उघडतो, तर मधली पाने गायब. फक्त वाचायच्या डिरेक्टरीला सॉफ्ट एक वेळ चालेल. जिथे माणसांचे लिहिलेले काम आहे, तिथे नको. शिवाय सुरुवातीचा खोळंबा मुख्यतः पहिल्या प्रकारच्या वाट पाहण्याचा असतो. त्याला सॉफ्ट हे औषधच नव्हे.

एकमेकांच्या भरवशावर

आता दुसऱ्या जातीचा दोष. आपल्या तर्कशास्त्रात आत्माश्रय, अन्योन्याश्रय आणि चक्रक असे दोष सांगितले आहेत. एखादी गोष्ट सिद्ध करायला तीच गोष्ट लागणे, हा आत्माश्रय. ‘अ’ला ‘ब’ लागतो आणि ‘ब’ला ‘अ’ लागतो, हा अन्योन्याश्रय. तिघे-चौघे फिरून पहिल्यावर आले, की चक्रक. संगणकांच्या सुरुवातीत हे तिन्ही दोष प्रत्यक्ष सापडतात.

अन्योन्याश्रय असा: पहिला संगणक दुसऱ्याची डिरेक्टरी जोडतो आणि दुसरा पहिल्याची. दोन वर्षे सगळे छान चालते, कारण दोन्ही एकदम कधी बंद झालेलेच नसतात. मग एका रात्री वीज जाते. दोघे एकदम उठतात. पहिला म्हणतो, दुसऱ्याची डिरेक्टरी मिळाल्याशिवाय मी इतरांना काही देणार नाही. दुसराही तेच म्हणतो. दोघेही खोटे बोलत नाहीत आणि दोघेही हलत नाहीत.

आत्माश्रय असा: जोडायला लागणारे साधनच जोडायच्या डिरेक्टरीत ठेवलेले असते. किंवा व्यवस्थापकाच्या आज्ञा शोधण्याच्या मार्गात, म्हणजे पाथमध्ये, नेटवर्कवरची डिरेक्टरी घातलेली असते. दुरुस्ती करायला तो लॉगिन करतो आणि त्याची पहिली आज्ञा त्याच मेलेल्या डिरेक्टरीत जाऊन अडकते.

चक्रक असा: एफएसटॅबमध्ये सर्व्हरचे नाव लिहिले आहे. नावावरून पत्ता डीएनएस सांगणार. डीएनएस ज्या संगणकावर चालते, तो स्वतः याच सर्व्हरवरची डिरेक्टरी जोडून सुरू होतो. फिरून पहिल्या जागी आलो.

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८७ मध्ये एका पत्रात गमतीने वितरित प्रणालीची व्याख्या केली होती. तिचा आशय असा, की जो संगणक अस्तित्वात आहे हेही तुम्हांला माहीत नव्हते, तो बंद पडल्याने तुमचा संगणक निकामी होतो. माहीत नव्हते, हे त्यातले खरे दुखणे. म्हणून एका कागदावर बाण काढा: कोण कोणावर अवलंबून आहे. बाण फिरून मूळ जागी येत असेल, तर तो दोष वीज जाण्याआधीच दिसेल.

पाट धरून वर जायचे

आपल्या झाडीपट्टीत तलावावरचे धान आहे. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आपल्याला नवे नाहीत. रोवणीच्या दिवसांत शेवटच्या बांधीत पाणी पोहोचले नाही, तर शेतकरी घरी बसून तलाव आटला असे म्हणत नाही. तो पाट धरून वर चालत जातो. इथे पाणी आहे का? त्याच्या वर आहे का? जिथे पाणी दिसते आणि पुढे दिसत नाही, त्या दोन जागांच्या मधे बिघाड आहे. कुठे पाट फुटलेला असतो, कुठे वरच्याने पाणी वळवलेले असते, कुठे तूमच उघडलेला नसतो. तलाव आटल्याचा निष्कर्ष सगळ्यात शेवटी.

नेमके हेच इथे करायचे. आधी संगणक कसाबसा उठवायचा. सुरुवातीच्या ग्रब पडद्यावर रेस्क्यू म्हणजे एकट्याने काम करायची अवस्था निवडायची, एफएसटॅबमधल्या नेटवर्कच्या ओळींपुढे हॅशचे चिन्ह टाकून त्या तात्पुरत्या निष्क्रिय करायच्या आणि नेहमीसारखे सुरू करायचे. मग पायरी-पायरीने वर.

पहिली पायरी, वायर आणि स्विच. दिवा लागला म्हणजे रस्ता खुला झाला असे नाही. स्विचवर जुन्या पद्धतीचे स्पॅनिंग ट्री चालू असेल, तर नव्याने जागे झालेले दार साधारण ३० सेकंद काहीच पुढे जाऊ देत नाही. संगणकाला वाटते नेटवर्क आले, आणि जोडणीची पहिली हाक त्या बंद दारावर आपटते. ग्राहक-संगणकांच्या दारांपुरता हा थांबा स्विचवर काढून टाकता येतो.

दुसरी पायरी, पत्ता. आपल्या संगणकाला आयपी पत्ता मिळाला का? सर्व्हरच्या पत्त्याला पिंग पोहोचतो का?

तिसरी, नाव. नावावरून पत्ता निघतो का? पत्त्याने पिंग लागतो आणि नावाने नाही, तर बिघाड सापडला. सर्व्हरचे नाव आणि पत्ता स्थानिक होस्ट्स फाइलमध्ये लिहून ठेवला, की ही पायरी डीएनएसवर अवलंबून राहत नाही.

चौथी, सेवा. चौथ्या आवृत्तीला २०४९ हे एकच पोर्ट पुरते. तिसऱ्या आवृत्तीला १११ वरचा पोर्टमॅपर, माउंटडी आणि कुलूप सांभाळणाऱ्या सेवाही लागतात. आरपीसीइन्फो आणि शोमाउंट या आज्ञा त्यांची विचारपूस करतात. मात्र सर्व्हर फक्त चौथी आवृत्ती देत असेल, तर या दोन आज्ञा निकामी ठरू शकतात. त्यावरून सर्व्हर मेला असे समजू नका. हीसुद्धा अयोग्य अनुपलब्धीच. २०४९ वर थेट संपर्क करून पाहा. स्पष्ट नकार आला, तर यंत्रापर्यंत रस्ता आहे आणि सेवा सुरू झालेली नाही, असे समजायला चांगला आधार मिळाला.

पाचवी, हाताने जोडणी. माउंटला सविस्तर बोलायला सांगून एकच ओळ जोडून बघा. जोडली गेली, तर सर्व्हर, रस्ता, परवानगी सगळे ठीक आहे आणि दोष क्रमाचा आहे. म्हणजे संगणक नेटवर्क तयार होण्याआधीच जोडायला धावत होता. सिस्टमडीच्या नोंदी जर्नलसीटीएलने वाचल्या, की कोणती पायरी कधी सुरू झाली हे वेळेसकट दिसते. नेटवर्क पूर्ण येईपर्यंत थांबणारी सेवा बंद ठेवलेली असली, तर ती चालू करायची.

आणखी एक. सर्व्हर नुकताच उठला असेल, तर चौथ्या आवृत्तीत तो जुन्या ग्राहकांना त्यांची कुलपे परत घ्यायला मुदत देतो. लिनक्सवर ती सहसा ९० सेकंदांची असते. त्या वेळात डिरेक्टरी जोडलेली दिसते, पण फाइल उघडत नाही. दीड मिनिट थांबा, मग निदान करा.

कोणी थांबायचे

आता औषध. सर्व्हर गप्प असताना कोणीतरी थांबणे भागच आहे. आपल्या हातात एवढेच आहे, की कोणी थांबायचे ते ठरवणे. सगळ्या संगणकाने थांबायचे, की ज्याला ती फाइल हवी आहे त्याने?

आमचे उत्तर दुसरे आहे. एफएसटॅबच्या त्या ओळीत ‘हार्ड’ राहू द्या आणि ‘नोऑटो’ व ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’ हे पर्याय जोडा. जुन्या यंत्रांवर ऑटोएफएस हेच काम करते. मग सुरू होताना कोणी सर्व्हरला हाक मारत नाही. ज्या क्षणी कोणी त्या डिरेक्टरीत पाऊल टाकेल, त्या क्षणी जोडणी होते. सर्व्हर गप्प असेल, तर तेवढेच काम थांबते. व्यवस्थापक आत येऊ शकतो आणि दुरुस्ती करू शकतो.

‘नोफेल’ हा दुसरा मार्ग. यात संगणक जोडणीसाठी न थांबता पुढे जातो. पण यात एक खाच आहे. जोडणी झाली नसेल, तर तिच्या जागी रिकामी स्थानिक डिरेक्टरी उरते. एखादा प्रोग्राम तिथेच लिहू लागतो. नंतर सर्व्हर येतो, जोडणी होते आणि ते लिहिलेले सारे तिच्याखाली झाकले जाते. फायली पुसल्या जात नाहीत, पण दिसतही नाहीत. न दिसणे आणि नसणे यांतला फरक पुन्हा आलाच! म्हणून ती रिकामी डिरेक्टरी चॅटरच्या आज्ञेने न बदलणारी करून ठेवावी, म्हणजे तिथे चुकूनही कोणी लिहिणार नाही.

विजेचा क्रमही विचारात घ्या. सर्व्हर आणि स्विच यूपीएसवर असू द्या. वीज आल्यावर आधी ते, मग प्रयोगशाळेचे मुख्य बटण. हे दारावर मराठीत लिहून चिकटवा, कारण त्या दिवशी जाणकार माणूस रजेवर असू शकतो आणि शिपायालाच सगळे सुरू करावे लागते.

शेवटचे सांगतो. ही सगळी रचना केल्यावर ती चालते असे गृहीत धरू नका. एखाद्या सुट्टीच्या दिवशी सर्व्हर मुद्दाम बंद ठेवा आणि एक संगणक सुरू करा. लॉगिनची ओळ आली पाहिजे. आत जाता आले पाहिजे. मुलांच्या डिरेक्टरीत पाऊल टाकले, की तेवढेच थांबले पाहिजे. मग सर्व्हर सुरू करा आणि ते थांबलेले काम आपोआप पुढे सरकते का, हे बसून बघा. पंधरा-वीस मिनिटे लागतील. परीक्षेच्या दिवशी तेवढी मिनिटे कोणाकडेच नसतात.